शब्दचर्चा: बिबट्या 'घुसला' की बिबट्याचा 'वावर'?

प्रश्न: बातम्यांत 'बिबट्याचा वावर', 'बिबट्या शिरला', 'बिबट्या घुसला' हे सगळं एकाच अर्थानं छापून येतं. यात फरक आहे ना? आणि बिबट, बिबट्या, बिबळ्या यांतलं बरोबर कोणतं?

उत्तर: नावाचं आधी सांगतो. तिन्ही बरोबर. वनखात्याच्या कागदावर 'बिबट', वर्तमानपत्रात 'बिबट्या', जुन्या लिखाणात 'बिबळ्या'. आमच्या जुन्नरकडे बोलताना मात्र सरळ 'वाघ'. "शेळ्या आत घ्या, वाघ फिरतोय," असं आई दिवेलागणीला सांगते. पट्टेवाला तिनं कधी पाहिलेला नाही, पण ती चुकत नाही. त्याला वेगळं काढायला 'पट्टेरी', 'ढाण्या' ही विशेषणं आहेतच. 'चित्ता' तेवढा म्हणू नये. तो निराळा प्राणी. आपल्याकडून तो नामशेष झाल्याचं १९५२ साली जाहीर झालं, आणि २०२२ मध्ये नामिबियातून आणून मध्य प्रदेशातल्या कुनोत सोडले.

खरा प्रश्न क्रियापदाचा. शिरायला, घुसायला आधी बाहेर असावं लागतं. गोठ्यात शिरला, पडवीत शिरला, हे ठीक. उसात घुसला, हे मला पटत नाही. कुकडीच्या कालव्याचं पाणी आलं, ऊस वाढला. आडसाली ऊस तर दीड वर्ष उभा असतो. आत गारवा, पाटाला पाणी, वस्तीला कुत्री. मादी तिथेच विते. तोडणीच्या वेळी फडात पिल्लं सापडली की ती क्रेटमध्ये घालून संध्याकाळी त्याच जागी ठेवतात, माणसं लांब होतात, आणि अंधारात आई एकेक पिल्लू तोंडात धरून शेजारच्या फडात नेते. त्या पिल्लानं जंगल पाहिलेलंच नसतं. ते मोठं झाल्यावर 'घुसलं' कुठून म्हणायचं?

म्हणून 'वावर'. त्यात येणंजाणं, राहणं, सवयीचं फिरणं सगळं येतं. आणि आमच्याकडे शेतालाही वावरच म्हणतात: ते वावर नपुंसकलिंगी, हा वावर पुल्लिंगी. 'आमच्या वावरात त्याचा वावर आहे' हे वाक्य इथे रोजचं आहे. रात्रीची लाईट असली की पाणी भरायला जावं लागतं. पहाटे बॅटरी मारली तर ओल्या सरीत चार बोटांचा ताजा ठसा दिसतो, नखं न उमटलेला, आणि आपल्याच चपलेच्या ठशावर पडलेला. अशा वेळी 'घुसला' तोंडात येत नाही.

प्रतिसाद: पटलं, पण ज्यांच्या घरचं लेकरू गेलं त्यांना 'वावर' हा शब्द फार मऊ वाटेल.

उत्तर: वाटणारच, आणि त्यांचं बरोबर आहे. तिथे 'हल्ला केला', 'मारलं' असंच लिहावं, दुसरं काही नाही. माझा आक्षेप दिसला रे दिसला की 'दहशत' आणि 'नरभक्षक' लावण्याला आहे. नरभक्षक म्हणजे माणूस भक्ष्य धरणारा. अकोले तालुक्यात (विदर्भातलं अकोला नव्हे) अभ्यास झाला तेव्हा तिथल्या बिबट्यांच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला.

प्रतिसाद: मी अकोल्याचीच. आमच्या आदिवासी वाड्यांत वसुबारसेला वाघबारस असते, वाघोबाला नैवेद्य दाखवतात. तिथेही नाव वाघच, आणि मागे 'बा'.