मदत हवी आहे: सीओपीडी रिहॅबच्या माहिती सत्रात रुग्ण तोंडच उघडत नाहीत

फिजिओ_चिकोडी: नमस्कार. आमच्याकडे सीओपीडीच्या (श्वासनळ्या अरुंद होऊन कायम धाप लागण्याचा फुफ्फुसांचा आजार) रुग्णांसाठी फुफ्फुस पुनर्वसनाचा ८ आठवड्यांचा कार्यक्रम चालतो, आठवड्यातून २ दिवस. चालणं, सायकल, पायऱ्या सगळे मन लावून करतात. नंतरच्या ४५ मिनिटांच्या माहिती सत्रात मात्र रुग्णांपैकी कुणीच बोलत नाही. ‘समजलं का?’ विचारलं की माना हलतात. पाचव्या आठवड्यात पंप (इनहेलर) घेऊन दाखवायला लावला तर निम्म्याहून जास्त जणांचा चुकला. तक्ते, व्हिडिओ, प्रश्नपत्रिका सगळं करून झालं. पुढची बॅच सोमवारी सुरू होतेय. काय करू?

मलप्रभाकाठ: आधी हे सांगा की. पंप दाबून फवारा मारायचा आहे की कॅप्सूलचा, पावडर ओढायचा? सत्र कुठल्या भाषेत? व्यायामानंतर किती वेळानं? बसतात कसे, गोल की बाकांवर? घरचं कोणी सोबत असतं का?

शहापूरकर: पंप जमत नसेल तर सगळ्यांना नेब्युलायझर द्या. मशीनमधून औषध धुक्यासारखं बारीक होऊन आत जातं, शिकवायची कटकट नाही.

स्पेसर_घ्या: नेब्युलायझर हा सगळ्यांवरचा इलाज नाही. एका वेळेला १० मिनिटं जातात, मशीन रोज धुवावं लागतं, खेड्यात वीज गेली की बंद. नीट घेतलेला पंप बहुतेकांना पुरतो. दाबण्याच्या पंपात हाताचा आणि श्वासाचा मेळ बसत नसेल तर स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, द्या: एक दाब, मग त्यातूनच ४-५ शांत श्वास. दोन दाब एकदम मारायचे नाहीत. स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून तसाच वाळवायचा. फडक्यानं पुसला की आत स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतीलाच चिकटतं.

फिजिओ_चिकोडी: पंप बहुतेकांचा कॅप्सूलचा, रोटाहेलर. भाषा अर्थात कन्नड, तक्ते तसेच छापून येतात. निपाणी, कागवाडकडचे मराठी लोकही असतात, पण त्यांना कन्नड कळतं. सत्र व्यायाम संपला की लगेच, शेवटची बस गाठायची असते. चार-पाच बायका असतात, त्या मागच्या बाकावर. घरचे सोबत असतात. उत्तरं तेच देतात.

मलप्रभाकाठ: मग तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच या ओळींत आहे बघा. बाजारात कन्नड कळणं वेगळं आणि ‘बेडक्याचा रंग बदलला’ हे चारचौघांत कन्नडमध्ये सांगणं वेगळं. कन्नडमध्ये ‘गोत्तायता?’ (समजलं का?) विचारलं तर ‘हौदु’, मराठीत विचारलं तर ‘व्हय’. दोन्हीतून काही कळत नाही. म्हणून तो प्रश्नच सोडा. ‘घरी गेल्यावर सुनेला पंप कसा दाखवाल, आता मला दाखवा’ असं म्हणा. चुकलं तर ‘माझंच सांगायचं राहिलं’ म्हणून पुन्हा करून दाखवा, म्हणजे माणूस पुढच्या वेळेला हात आखडत नाही.

दुसरं, धाप लागलेल्या माणसाच्या डोक्यात काही शिरत नाही. सत्र व्यायामाच्या आधी घ्या, १५ मिनिटांचं, एका दिवशी एकच विषय. ४५ मिनिटांचं भाषण नको. बसची अडचणही मिटेल. उरलेलं चालता चालता शिकवा: नाकानं श्वास घेत दोन पावलं, ओठांचा चंबू करून सोडत चार पावलं. सहा मिनिटांच्या चालण्याच्या चाचणीआधी आणि नंतर बोर्ग मापावर धाप किती ते त्यांनाच सांगायला लावा, ० ते १०. आकडा त्यांचा असला की बोलणं सुरू होतं.

बायकांना वेगळा गोल करून बसवा आणि सुरुवात चुलीपासून करा, बिडीपासून नको. त्यांच्यातल्या कितीतरी जणींनी कधी बिडी ओढलेली नसते, धूर तर रोजचा असतो. बिडीवर बोललात की हे आपल्यासाठी नाही असं समजून त्या गप्प होतात.

सीमाभागी_मराठी: मूळ प्रश्न भाषेचाच आहे. सगळे तक्ते मराठीतच हवेत, १९५६ पासून…

मलप्रभाकाठ: तो वाद वेगळ्या धाग्यावर. इथं दोन्ही भाषांतले रुग्ण आहेत, तक्ता चित्रांचाच काढा.

प्राणायाम_रोज: यांना कपालभाती आणि भस्त्रिका शिकवा, पंपाची गरजच उरणार नाही.

स्पेसर_घ्या: हे कृपया कुणाला सांगू नका. सीओपीडीत हवा बाहेर पडायलाच वेळ लागतो. भरभर श्वास घेतला की जुनी हवा आत अडकते, छाती फुगते, धाप वाढते. यांना सोडण्याचा श्वास लांब हवा. आणि डॉक्टरांना न विचारता पंप बंद करायचा नाही.

रोटाकॅप_तपासा: कॅप्सूलच्या पंपात नेमकं काय चुकतं ते पाहिलंत का? कॅप्सूलचं पारदर्शक टोक खाली करून चौकोनी भोकात पूर्ण दाबायचं. पंप आडवा धरून खालचा भाग अडेपर्यंत फिरवायचा. पंपापासून तोंड बाजूला वळवून श्वास सोडायचा, मग ओठ घट्ट लावून जोरात, खोल ओढायचं, जमेल तितका वेळ, १० सेकंदांपर्यंत रोखायचं. नंतर उघडून पाहायचं, पावडर उरली असेल तर पुन्हा ओढायचं. स्टिरॉइड असेल तर शेवटी गुळणी. काहीजण कॅप्सूल चक्क गिळतात, तेही विचारा. आणि चुलीवर आयुष्य काढलेल्या बायका पंपात फुंकतात, फुंकणीची सवय. पावडर ओली होऊन चिकटते. ‘फुंकणीच्या उलट’ एवढे दोन शब्द पुरतात.

शहापूरकर: पुरुषांना ‘चिलमीसारखं ओढा’ म्हणा, लगेच जमतं.

रोटाकॅप_तपासा: नको. बिडी सोडवायची आणि झुरक्याचीच आठवण द्यायची, हे बरं नाही. शिवाय दाबण्याच्या पंपाला उलट सावकाश ओढावं लागतं. घरात दोन्ही पंप असले की लोक दोन्ही जोरात ओढतात, औषध घशातच राहतं. दोन्ही टेबलावर ठेवून कुठला जोरात, कुठला सावकाश ते त्यांनाच वेगळे करायला लावा. रंगावरून शिकवू नका, कंपनी बदलली की रंग बदलतो.

ऊसपट्टा: हंगामात फड पेटवतात, काजळी थेट घरात येते. त्यावर काही उपाय?

मलप्रभाकाठ: खिडक्या बंद, त्या दिवशी बाहेरचं चालणं बंद. या धाग्याशी संबंध एवढाच की त्रास वाढल्याची तीन लक्षणं पेशंटनं स्वतःच्या तोंडानं सांगायला हवीत: धाप वाढली, बेडका वाढला, बेडक्याचा रंग पालटला. त्यावर कुठलं औषध सुरू करायचं ते कार्डावर डॉक्टरांनी आधीच लिहून ठेवायचं. ओठ निळे पडले, बोलताना वाक्य तुटायला लागलं, तर कार्ड बघत बसायचं नाही, दवाखाना.

फिजिओ_चिकोडी: आभार. सत्र व्यायामाआधी, १५ मिनिटं, गोल. बायकांचा गोल वेगळा. पण घरचे मध्येच उत्तर देतात, त्यांना कसं थांबवू? आणि सरावाला पंप आमच्याकडे दोनच आहेत.

मलप्रभाकाठ: त्यांना काम द्या. हातात कागद, पायऱ्यांवर टिक करायची, बोलायचं नाही. रुग्णानं शेवटपर्यंत केल्यावर राहिलेली पायरी सांगायची. घरी चुका तेच पकडणार.

रोटाकॅप_तपासा: दोन पंप सगळ्यांच्या तोंडात फिरवू नका. आपल्याकडच्या बॅचमध्ये टीबी होऊन गेलेलेही असतात. प्रत्येकानं स्वतःचा आणि कोरडा आणायचा, विशेषतः खानापूरकडच्या पावसात. तुमचे दोन फक्त तुम्ही दाखवायला ठेवा. आज रविवार, संध्याकाळपर्यंत सगळ्यांना फोन करा.