जुन्या अमेरिकन नाश्त्याच्या सिरिअलच्या जाहिरातींचं १६ मिमी रीळ: साल कसं ओळखायचं, लाल झालेले रंग कसे आणायचे?

जुनंरीळ
एकाच रिळावर जोडलेल्या नऊ जाहिराती आहेत, सगळ्या कार्टून. फ्रॉस्टेड फ्लेक्सचा टोनी द टायगर दोनदा, ट्रिक्सचा ससा तीनदा, फ्रूट लूप्सचा टूकन सॅम, कॅप'न क्रंच आणि काउंट चॉक्युला-फ्रँकेन बेरीच्या भांडणाच्या दोन. डब्यावर ना साल, ना स्टुडिओचं नाव. शोधलं की मॅस्कॉट (ब्रँडचं कार्टून पात्र) कधी आला एवढंच कळतं, जाहिरात कधीची ते नाही. दुसरं म्हणजे रंगीत जाहिराती पार लाल झाल्यात, पांढरा ससा गुलाबी दिसतो. आणि स्कॅनिंगआधी जोड कापून प्रत्येक जाहिरात वेगळी करावी का?

पट्टीमापक
मॅस्कॉटच्या जन्मसालाने फक्त खालची हद्द कळते. टोनी १९५२, ट्रिक्सचा ससा १९५९, सॅम आणि कॅप'न १९६३, काउंट व फ्रँकेन बेरी १९७१. जाहिरात त्याआधीची नाही, पुढची कितीही असू शकते.

आवाजावरून ठरवायचं तर टोनी अगदीच निरुपयोगी. त्याला आवाज देणाऱ्या थर्ल रेव्हन्सक्रॉफ्टने पन्नास वर्षं तोच खर्ज लावला. सॅम मात्र चुगली करतो: आधी मेल ब्लँकचा आवाज, नंतर पॉल फ्रीसचा साहेबी ढंग. काउंट-फ्रँकेनच्या जाहिरातीत त्यांचा भुताच्या रूपातला जोडीदार बू बेरी आला असेल तर १९७३च्या आसपासची किंवा पुढची. नसेल तर काहीच सिद्ध होत नाही. ट्रिक्समध्ये सशाला मत द्यायचं आवाहन असेल तर १९७६ किंवा १९८० चा प्रचार.

खरा पुरावा शेवटच्या, खोक्याच्या शॉटमध्ये असतो. तिथे थांबून भिंगाने बघा. खोक्यावर 'शुगर फ्रॉस्टेड फ्लेक्स' लिहिलंय का? ते 'शुगर' १९८० च्या दशकात गळलं. खेळणं मागवायच्या पत्त्यात पाच आकडी झिप कोड (अमेरिकेचा पिन कोड) असेल तर १ जुलै १९६३ नंतरची. खोक्यावर बारकोड असेल तर १९७४च्या आधी जाऊ नका. लांबीही मोजा: १६ मिमीला फुटात ४० फ्रेम, म्हणजे ३६ फूट = ६० सेकंद, १८ फूट = ३०. साठ सेकंदांची असेल तर बहुधा १९७१च्या आधीची, कारण त्यानंतर तीस सेकंदांचा जमाना आला. 'बहुधा'च म्हणतोय.

आणि काठावरच्या कोडॅकच्या खुणा बघा: वर्तुळ, चौकोन, त्रिकोण. त्यांच्या जोड्यांवरून साल निघतं.

काठवाचक
खुणांबद्दल दोन दुरुस्त्या. एक, खूण कच्ची फिल्म कारखान्यात बनल्याचं साल सांगते, जाहिरातीचं नाही. दोन, त्या वीस वर्षांनी पुन्हा येतात, १९४४ आणि १९६४ ची खूण सारखीच. ससा असेल तर १९४४ आपोआप बाद, इथे मॅस्कॉटचं जन्मसाल कामी येतं.

लोक हमखास फसतात ते वेगळ्याच ठिकाणी: काठावर दोन खुणा असू शकतात. पारदर्शक काठावर गडद खूण असेल तर ती या प्रिंटची. गडद पट्ट्यात पारदर्शक खूण असेल तर ती निगेटिव्हवरून छापून आलेली, आणि जाहिरातीच्या सालाला तीच जास्त जवळची. दोन्हींत चार-पाच वर्षांचं अंतर निघालं तर घाबरू नका, जुन्या जाहिरातीची नवी प्रिंट आहे इतकंच.

कृष्णधवल प्रिंट म्हणजे जाहिरात कृष्णधवल, असंही धरू नका. रंगीत बनवून साध्या प्रिंटवर पाठवलेल्याही असायच्या.

जोड अजिबात कापू नका. १६ मिमीच्या ऑप्टिकल फिल्मवर (काठाला आवाजही छापलेला असतो ती) आवाज चित्राच्या २६ फ्रेम पुढे असतो, म्हणजे पहिल्या चित्राचा आवाज आधीच्या जाहिरातीच्या शेपटावर. चित्र बघून कात्री लावली की सुरुवातीचा सेकंदभर आवाज शेजारणीकडे जातो. अख्खं रीळ सलग स्कॅन करा, तुकडे संगणकावर पाडा.

जुनंरीळ
धन्यवाद. मोजलं: १०० फ्रेमची लांबी ७५६ मिमी भरली. डबा उघडला की किंचित आंबट वास येतो.

पट्टीमापक
प्रिंटला १०० फ्रेम ७६२ मिमी हव्यात. म्हणजे आकुंचन जवळपास ०.८ टक्के. दातेरी चक्राच्या प्रोजेक्टरवर चढवू नका, भोकं फाटतील. दातांऐवजी रबरी रोलरवर फिल्म ओढणारा स्कॅनर असलेल्याकडेच द्या, आणि देताना हा आकडा सांगा.

वास म्हणजे अॅसिटेट फिल्मचा व्हिनेगर सिंड्रोम. निघणारं आम्लच पुढची झीज वाढवतं, म्हणून डबा हवाबंद ठेवू नका आणि इतर रिळांपासून लांब, थंड-कोरड्या जागी ठेवा. डब्यात एडी पट्टी (आम्लाने रंग बदलणारा कागद) टाका: निळी राहिली तर ठीक, हिरवी झाली तर स्कॅनिंगला घाई, पिवळी झाली तर आजच.

रंगारी
लाल रंगाचं. ईस्टमन कलरच्या प्रिंटमध्ये अंधारातसुद्धा निळसर-हिरवा सायन थर सगळ्यात आधी उडतो, म्हणून लाल उरतं. स्कॅनवाल्याला सांगा की रंग सुधारू नका, कॉन्ट्रास्ट सपाट आणि १६ बिट द्या. आठ बिटवर लाल चॅनेल ताणला की रंगांच्या पायऱ्या दिसतात, आणि कार्टूनच्या सपाट रंगात त्या फारच बोचतात.

मग रंग सुधारायच्या सॉफ्टवेअरच्या लेव्हल्समध्ये लाल चॅनेल एकट्याने उघडा. त्याचा आलेख उजवीकडे गोळा झालेला असेल. काळं टोक बाह्यरेषेच्या शाईवर आणून बसवा, पांढरं टोक सशाच्या पोटावर. ससा पांढरा हे आपल्याला माहीत आहे, यापेक्षा चांगलं संदर्भकार्ड मिळणार नाही. मधला स्लायडर सगळ्यात शेवटी सरकवा. हीच सेटिंग टोनीला लावू नका, प्रत्येक प्रिंट वेगळी उडालेली असते. सायन पूर्ण गेला असेल तिथे निळं आभाळ करडंच राहील, तिथे सॅच्युरेशन वाढवलं तर फक्त दाणे रंगीत होतात.

फाइल २४ फ्रेमचीच ठेवा. कोणी ३० ची दिली तर परत करा. या जाहिरातींत बऱ्याचदा एक चित्र दोन फ्रेम टिकतं. मध्ये फ्रेम घुसल्या की टोनीचा हात झटके खातो.