बँफहून एका दिवसात निळी तळी आणि अथाबास्का ग्लेशियर: छोट्या ग्रुपची टूर घ्यावी का? (आई-बाबा सोबत आहेत)

पाऊलवाट

नमस्कार मंडळी. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आई-बाबांना घेऊन टोरांटोहून कॅल्गरीला उतरतेय, तिथून बँफ (कॅनडाच्या रॉकी डोंगरातलं गाव), तीन रात्री. त्यातला एक पूर्ण दिवस तळी आणि ग्लेशियरसाठी ठेवलाय. गाडी चालवणारी मी एकटीच आणि डोंगरातल्या रस्त्यावर दिवसभर स्टिअरिंग धरून बसले तर मी काहीच बघणार नाही हे माहितीये, म्हणून गाइडवाली छोट्या ग्रुपची टूर घ्यायचं चाललंय, 12-14 जणांची व्हॅन असते ती.

दोन प्रकार दिसतायत. एकात लेक लुईस, मोरेन लेक, बो लेक, पेटो लेक आणि अथाबास्का ग्लेशियर असं सगळं एकाच दिवसात आहे. दुसऱ्यात लुईस-मोरेन नाहीच, सरळ आइसफील्ड्स पार्कवेने (लेक लुईस ते जॅस्पर हा डोंगरातला हायवे) बो, पेटो आणि ग्लेशियर. पहिलीत जास्त बघून होतं म्हणून मन तिकडे ओढतंय पण आईचा उजवा गुडघा दुखरा आहे, सपाटीवर दोन किलोमीटर चालते, चढ-उतार आला की त्रास होतो. बाबा 68 चे, तब्येत ठणठणीत, त्यांचं एकच म्हणणं की आयुष्यात एकदा ग्लेशियरवर पाय ठेवायचा, बाकी तुम्ही ठरवा.

कोणी गेलं असेल तर प्लीज सांगा, कुठली घेऊ, आणि बुक करायच्या आधी काय काय विचारून घ्यायला हवं?

गवतफूल

ताई, दुसरी घ्या. डोळे मिटून दुसरी.

आम्ही पहिल्या प्रकारची घेतली होती, कंपनीचं नाव घेत नाही कारण गाइड बिचारा फार चांगला होता, चूक कार्यक्रम आखणाऱ्याची. सकाळी साडेसहाला पिकअप म्हणाले, आम्ही पहिल्याच हॉटेलवर, त्यानंतर अजून पाच हॉटेलं फिरत बँफमधून बाहेर पडायलाच सव्वासात झाले, मग मोरेनला पंचवीस मिनिटं, लुईसला अर्धा तास, आणि पेटोला तर पोचलो तेव्हा गाइड हात जोडून म्हणाला की वीस मिनिटांत परत या नाहीतर ग्लेशियरचं तिकीट जाईल. माझ्या सासूबाई पेटोच्या चढावर अर्ध्यापर्यंत गेल्या आणि वेळ संपला म्हणून तिथूनच मागे फिरल्या. ते तळं त्यांनी पाहिलंच नाही. मला अजून वाईट वाटतं त्याचं.

हिशोब साधा आहे. बँफ ते लेक लुईस 57-58 किलोमीटर, तिथून कोलंबिया आइसफील्डचं सेंटर (ग्लेशियरसमोरचं पर्यटक केंद्र) अजून साधारण 130. म्हणजे ग्लेशियरला जाऊन-येऊन पावणेचारशेच्या आसपास होतात, नुसतं बसून पाच तास. त्यात पाच ठिकाणं कोंबली की प्रत्येकाच्या वाट्याला काय येणार? लुईस आणि मोरेन दुसऱ्या दिवशी आरामात करा, ती दोन्ही जवळ आहेत, दोघांत 14 किलोमीटरचं अंतर.

कॅल्गरीकर

वर गवतफूल यांनी सांगितलंय त्याला पूर्ण अनुमोदन. थोडी भर घालतो.

मोरेन लेकचा रस्ता 2023 पासून खाजगी गाड्यांना कायमचा बंद आहे, त्यामुळे तिथे जायचं तर पार्क्स कॅनडाची (राष्ट्रीय उद्यानं सांभाळणारी सरकारी संस्था) शटल बस नाहीतर परवानगी असलेल्या टूर कंपनीची गाडी. शटल लेक लुईसच्या स्की रिसॉर्टच्या पार्किंगमधून सुटते, बुकिंग वसंतातच उघडतं आणि पटापट भरतं, पण बऱ्याच सीट राखून ठेवलेल्या असतात त्या दोन दिवस आधी सकाळी 8 वाजता सोडतात, तेव्हा लॉगिन करून बसा, मिळते. त्याच तिकिटावर लुईस आणि मोरेनच्या मधली बस पण मिळते. आईंसाठी लुईसचा काठ उत्तम, दोनेक किलोमीटर सपाट रस्ता आहे पाण्याच्या कडेकडेने, जितकं जमेल तितकं जायचं आणि फिरायचं. मोरेनला मात्र जो फोटो सगळीकडे दिसतो (कॅनडाच्या जुन्या 20 डॉलरच्या नोटेवर होता तो देखावा) तो दगडांच्या ढिगाऱ्यावरून दिसतो, पायऱ्या आहेत, अंतर थोडंच पण गुडघ्याला जाणवेल. खालून काठावरूनही सुंदर दिसतं, वाईट वाटून घेऊ नका.

पार्कवेबद्दल. 93 नंबरचा हायवे, लेक लुईस ते जॅस्पर 230 किलोमीटर, आणि जवळजवळ सगळ्या वाटेवर मोबाइलला रेंज नाही. पेट्रोल मध्ये एकाच जागी, सस्कॅचवन रिव्हर क्रॉसिंगला. टूर घेताय ते बरं करताय. गाइडकडे सॅटेलाइट फोन किंवा तसलं काहीतरी असतं का हे विचारा, चांगल्या कंपन्या स्वतःहून सांगतात.

बुक करायच्या आधी मी तरी एवढं विचारेन: पिकअप किती ठिकाणी आणि आपला नंबर कितवा, प्रत्येक जागी किती मिनिटं (लेखी मागा, "भरपूर वेळ" असं उत्तर आलं तर सोडून द्या), ग्लेशियरवरच्या गाडीचं तिकीट धरलंय की वेगळं, पार्क पास धरलाय का, आणि वणव्याच्या धुरामुळे काहीच दिसत नसेल किंवा रस्ता बंद झाला तर पैसे परत की तारीख बदलून. हे शेवटचं हलक्यात घेऊ नका, जुलै 2024 मध्ये जॅस्परला वणवा लागला तेव्हा गाव रिकामं करावं लागलं आणि हा हायवेही बंद होता.

आणि हो, जाताना व्हॅनमध्ये डावीकडे बसा. क्रोफूट ग्लेशियर, बो लेक, अथाबास्का, सगळं डाव्या हाताला येतं.

निळासावळा

बाबांच्या इच्छेबद्दल लिहितो कारण इथे लोकांचा घोळ होतो. "ग्लेशियर टूर" म्हणजे तीन वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात.

एक, नुसतं आइसफील्ड सेंटरच्या समोरून बघणं. व्हॅन थांबते, फोटो, चला. बाबा नाराज होतील.

दोन, आइस एक्सप्लोरर, ती माणसाच्या उंचीची चाकं असलेली मोठी बस. 32 टक्के उतार असलेल्या रस्त्याने ग्लेशियरने साचवलेल्या दगडमातीच्या बांधावरून खाली उतरते आणि थेट बर्फावर नेऊन सोडते, वीस-पंचवीस मिनिटं आखून दिलेल्या जागेत फिरता येतं. तिकीट माणशी शंभर कॅनेडियन डॉलरच्या पुढे जातं, त्यात बहुतेक वेळा काचेच्या तळाचा स्कायवॉकही असतो. तो धरून अडीच-तीन तास जातात. आईंना यात चालायला फारसं नाही, पण बर्फ घसरडा असतो, चांगली पकड असलेले बूट घालायला लावा आणि एक काठी द्या.

तीन, गाइडबरोबर पायी आइसवॉक. बुटांना क्रॅम्पॉन (बर्फात रुतणारे खिळे) लावून तीनएक तास बर्फावर चालवतात, भेगा दाखवतात, निळं पाणी ज्यातून खाली जातं ती विवरं दाखवतात. मला विचाराल तर खरं ग्लेशियर पाहिलं ते यात, बसमधून उतरून वीस मिनिटांत नाही. बाबा ठणठणीत आहेत म्हणताय तर एकदा विचार करा. पण मग आई तीन तास काय करणार हा प्रश्न आहे.

चौथं एक, जे कोणीही करू नये: दोरी ओलांडून स्वतःच बर्फावर जाणं. वरून सपाट दिसतं, बर्फाच्या पातळ थराखाली भेगा असतात. तिथे माणसं दगावलेली आहेत, लहान मुलंसुद्धा. गाइडशिवाय बर्फावर पाऊल नाही म्हणजे नाही.

गवतफूल

निळासावळा, आइसवॉक भारीच असणार पण आईला सेंटरमध्ये एकटीला तीन तास बसवायचं हे मला नाही पटत. ही सहल तिघांची आहे ना. बसने तिघंही एकत्र बर्फावर उभे राहतील.

निळासावळा

मान्य. तिघांचं एकत्र होणार असेल तर बसच बरी, माझा आग्रह नाही.

खडकवेडा

जिऑलॉजी शिकलोय म्हणून राहवत नाही, दोन गोष्टी सांगतो, आई-बाबांना वाटेत सांगा.

तळ्यांचा रंग. ग्लेशियर सरकताना खालचा खडक दळत जातं, अगदी जात्यासारखं, आणि त्याचं इतकं बारीक पीठ होतं की ते पाण्यात बुडत नाही, तरंगत राहतं. या पिठावर ऊन पडलं की निळा-हिरवा प्रकाश जास्त विखुरतो आणि पाणी मोरपिशी दिसतं. म्हणून हा रंग बर्फ जोरात वितळायला लागल्यावर भरतो, जुलै-ऑगस्टमध्ये. जूनच्या सुरुवातीला गेलेली माणसं म्हणतात फोटोतल्यासारखं नाही दिसलं, त्याचं कारण हे. तुमची वेळ चांगली आहे. ढग असले तरी पेटोचा रंग वरून दिसतोच.

दुसरं म्हणजे कोलंबिया आइसफील्डचं पाणी. एकाच बर्फाच्या पठारावरून अथाबास्का नदीचं पाणी उत्तरेला आर्क्टिकमध्ये जातं, कोलंबियाचं पॅसिफिकमध्ये आणि नॉर्थ सस्कॅचवनचं हडसन बेमध्ये. जगात अशा जागा फार थोड्या. अथाबास्का ग्लेशियर म्हणजे त्या पठारावरून खाली उतरलेली एक जीभ, सहाएक किलोमीटर लांब, बर्फाची जाडी 90 ते 300 मीटर. गेल्या सव्वाशे वर्षांत ती दीड किलोमीटरहून जास्त मागे गेलीये. पायथ्याकडे जाणाऱ्या वाटेवर सालांच्या पाट्या लावल्यात, त्या वर्षी बर्फ इथपर्यंत होता असं सांगणाऱ्या. बसचं तिकीट काढलं तरी गाइडला सांगून या वाटेसाठी अर्धा-पाऊण तास मागून घ्या. सुरुवातीला चढ आहे, आईंना खालून बघू दे. पण ती वाट चुकवू नका, माझ्या मते पूर्ण दिवसातली सगळ्यात महत्त्वाची जागा ती.

कॅल्गरीकर

पेटोबद्दल राहिलंच. खालच्या पार्किंगपासून व्ह्यूपॉइंटपर्यंत डांबरी वाट आहे, अर्ध्या किलोमीटरच्या थोडं पुढे, पण चढ सरळ आहे. वरचं वेगळं पार्किंग बससाठी आणि अपंगांच्या परमिटवाल्या गाड्यांसाठी असतं, तिथून उतार-चढ बराच कमी. तुमची व्हॅन कुठे लावतात ते आधीच विचारा, आईंसाठी हा एकच प्रश्न सगळ्या सहलीचा फरक करेल. कपड्यांचं म्हणाल तर बँफमध्ये 25 डिग्री असलं तरी बर्फावरून येणारा वारा हाडात शिरतो, कानटोपी आणि विंडचीटर हातातल्या बॅगेत ठेवा.

पाऊलवाट

सगळ्यांचे मनापासून आभार, दुसरीच बुक केली. चार कंपन्यांना मेल टाकून मिनिटं विचारली, दोघांनीच नीट आकडे दिले, त्यातली एक घेतली. पेटोला वरच्या पार्किंगला नेतात असं लेखी मिळालं. आल्यावर लिहीन.

पाऊलवाट

काल रात्री परत आलो, लिहीन म्हटलं होतं म्हणून लिहितेय.

अकरा जण होतो व्हॅनमध्ये. गाइडला आईच्या गुडघ्याचं आधी कळवलं होतं तर तिने स्वतःहून पुढची सीट दिली, पाय लांब करता आला, हे मला सुचलंच नव्हतं, बाकीच्यांनी लक्षात ठेवा. बो लेकला पाऊण तास होता, आई काठाकाठाने त्या लाल छपराच्या लॉजपर्यंत सावकाश गेली आणि आली, वारा नव्हता, समोरचा आख्खा डोंगर पाण्यात उलटा. पेटोला वरून गेलो. आई कठड्याला धरून उभी राहिली आणि बराच वेळ काही बोललीच नाही, मग म्हणाली, पैठणीत असतो ना हा रंग. गवतफूल, तुमच्या सासूबाईंची आठवण आली त्या वेळी, खरंच.

बसने बर्फावर तिघंही गेलो. बाबांनी बाटलीत वितळलेलं पाणी भरलं, प्यायले, आईला पाजलं. वारा इतका की वीस मिनिटं पुरे झाली, त्यामुळे कॅल्गरीकर, कानटोप्यांसाठी खास धन्यवाद.

खडकवेडा, तुमची वाट मागून घेतली. आई खाली गाइडबरोबर थांबली, मी आणि बाबा वर गेलो. 1992 ची पाटी आहे तिथे. माझं जन्मसाल. बाबा पाटीपाशी उभे राहिले आणि पुढे बघत राहिले, बर्फ कुठच्या कुठे लांब, मध्ये नुसते दगड आणि पाण्याचे ओहोळ. मला म्हणाले, तू झालीस तेव्हा इथे पाय ठेवला असता तर बर्फावर पडला असता. मग खिशातून फोन काढून मला पाटीशेजारी उभं केलं, फोटो काढला, आणि परत खाली येईपर्यंत माझा हात सोडला नाही.