आईच्या वहीतल्या क्रोशाच्या विणी मराठीत लिहून ठेवायच्या आहेत, कशा लिहू?

गोदाकाठ

नमस्कार मैत्रिणींनो. माझी आई नाशिकच्या एका शाळेत शिवण-विणकाम शिकवायची. तिची क्रोशाची जाड वही माझ्याकडे आहे. रुमाल, तोरणं, उशीच्या अभ्र्यांच्या लेस, देवघरातली आसनं, बरंच काही आहे त्यात. काही पानांना विणलेले तुकडेच टाचलेत. जाळीच्या विणी आलेखाच्या कागदावर फुल्या मारून उतरवल्यात. मजकूर मात्र त्रोटक: "3 सा., एकात 2 खां., पुढे तसेच." (सा. म्हणजे साखळ्या, खां. म्हणजे खांब.) तिला तेवढं पुरायचं. तिच्या विद्यार्थिनींनाही पुरायचं, कारण अडलं तर ती शेजारी असायची.

गेल्या दिवाळीपासून मी त्यातल्या वस्तू विणून फोटो टाकतेय आणि प्रत्येक फोटोखाली "ताई, वीण द्या ना" असं कुणीतरी लिहितंच. म्हणून या विणी नीट मराठीत लिहून नेटवर ठेवायच्या असं ठरवलंय. आधीपासून लिहिणाऱ्या बायकांना विचारायचंय: किती बारीकसारीक लिहायचं? इंग्रजीतलं डबल क्रोशे म्हणजे आपला खांब की मुका खांब? मला दोन ठिकाणी दोन उत्तरं मिळाली. आणि विणी फुकट द्यायच्या की थोडे पैसे घ्यायचे? घरात "यूट्यूब असताना वाचणार कोण" असंही ऐकतेय, त्यावरही बोला.

मिरजेची काकू

गोदाकाठ, लिहीच. आणि शक्यतो लवकर लिही, तुझ्या आईच्या विद्यार्थिनी अजून विचारायला सापडतील तोवर.

आधी खांबाचं. तुला मिळालेली दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. अमेरिकेतलं डबल क्रोशे म्हणजे आपला खांब. ब्रिटनमधलं डबल क्रोशे म्हणजे आपला मुका खांब. आपल्या खांबाला तिकडे ट्रेबल म्हणतात. समोरचा पॅटर्न कुठला ते ओळखायची सोपी खूण सांगते. त्यात कुठेही "सिंगल क्रोशे" आलं की तो अमेरिकन, कारण ब्रिटिश पद्धतीत ते नावच नाही. पण तू मराठीत लिहिणार आहेस, तेव्हा या भानगडीत वाचणारीला टाकूच नकोस. वर एकदा कृती लिहून टाक. खांब: सुईवर एक वेढा घ्या, सुई टाक्यात घालून दोरा ओढा, सुईवर तीन फास दिसतील, दोन-दोन करून सोडवा. मुका खांब: वेढा न घेता सुई टाक्यात घाला, दोरा ओढा, दोन्ही फास एकदम सोडवा. मग नागपूरची बाई त्याला काहीही म्हणो आणि बेळगावची काहीही म्हणो, हात चुकत नाही.

आता किती बारीक लिहायचं ते. मी शाळेत गणित शिकवायचे, त्यामुळे असेल, पण माझा आग्रह एकच आहे: प्रत्येक फेरीच्या शेवटी एकूण टाके किती झाले ते लिहायचं. "पुढे तसेच" असं कुठेही लिहायचं नाही. एकटी बाई दुपारची घरातलं आवरून विणायला बसते, सातव्या फेरीत तिला शंका येते, आणि विचारायला जवळ कुणी नसतं. त्या वेळी तिला हा आकडाच सांगतो की आपण बरोबर आहोत.

साधा गोल रुमाल घे. 6 साखळ्यांची कडी करायची. 3 साखळ्या उभ्या घ्यायच्या, तो पहिला खांब धरायचा आणि कडीत 11 खांब घालायचे. झाले 12. दुसऱ्या फेरीत प्रत्येकात 2, म्हणजे 24. तिसऱ्या फेरीत एकात 1, पुढच्यात 2, म्हणजे 36. चौथीत दोन टाक्यांत एकेक, तिसऱ्यात 2, म्हणजे 48. दर फेरीला 12 वाढतात. मुक्या खांबाचा गोल असेल तर खांब बुटका, म्हणून दर फेरीला 6 च वाढवायचे. एवढं कळलं की बाई तुझ्या विणीवर अवलंबून राहत नाही, स्वतःचा रुमाल स्वतः मांडते. सोबत हेही लिही की रुमालाची वाटी व्हायला लागली तर वाढ कमी पडतेय, आणि कडेला झालर सुटायला लागली तर वाढ जास्त होतेय. हाताच्या ओढीप्रमाणे एखाद-दुसरा टाका इकडेतिकडे करावा लागतो, त्यात काही चूक नाही.

झालरीवरून आठवलं, सांगितल्याशिवाय राहवत नाही. वाढ मुद्दाम जास्त ठेवायची, म्हणजे दर पाच टाक्यांमागे एक, आणि ती प्रत्येक फेरीत तशीच चालू ठेवायची. काम चुण्या पडत पडत कोबीसारखं फुगतं. 1997 मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात डायना ताइमिना या गणितज्ञ बाईंनी नेमकं हेच क्रोशाने विणलं आणि विद्यार्थ्यांच्या हातात हायपरबोलिक पृष्ठभाग, म्हणजे सपाट न राहता असा चुण्या पडत पसरत जाणारा पृष्ठभाग, ठेवला. कागदाचा केला तर तो पटकन फाटायचा; विणलेला टिकतो, दुमडून बघता येतो. पुढे मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्थाइम या जुळ्या बहिणींनी याच विणीतून प्रवाळांची अख्खी बेटं उभी केली आणि ठिकठिकाणच्या बायकांनी त्यात आपापले तुकडे विणून घातले. दहावीच्या मुलींना भूमिती शिकवताना मला हे माहीत असायला हवं होतं असं फार वाटतं. ज्याला आपण "रुमाल बिघडला" म्हणतो त्यात एवढी भूमिती आहे!

दोऱ्याचा नंबर आणि सुईचं माप हे दोन्ही लिहायलाच हवेत. दोऱ्याचा नंबर जितका मोठा तितका दोरा बारीक, हे नवीन मुलींना उलटं वाटतं, तेव्हा सांगून टाक. सुई मात्र मिलिमीटरमध्ये दे. स्टीलच्या सुयांचे नंबर कंपनीगणिक बदलतात, मिलिमीटर बदलत नाही. 20 नंबरच्या सुती दोऱ्याला मी 1.25 ची सुई घेते, हात घट्ट असेल तिने 1.5 घ्यावी. आणि तयार वस्तू धुऊन, इस्त्री करून मगच माप घे.

सुईदोरा

काकूंनी फेरीचं एवढं सविस्तर लिहिलंय की मी ते थेट वहीत उतरवून घेतलं.

गोदाकाठ, माझं मत थोडं वेगळं आहे. आधी व्हिडिओ कर, मग लिही. मी कोल्हापूरजवळच्या गावात राहते, इथल्या बायका फोनवर बघून विणतात. सुई कशी धरायची, दोरा करंगळीला कसा गुंडाळायचा, हे वाचून येत नाही. मी स्वतः बघूनच शिकले. लिहिलेली वीण समोर आली की मला आधी धास्तीच वाटते.

मिरजेची काकू

सुईदोरा, टाका बघून शिकावा हे अगदी पटतं. पण तोरण व्हिडिओवर विणून बघ. एका ओळीत कितीतरी घरं, मधे दोनदा फोन वाजतो, कुकरच्या शिट्ट्या होतात, आणि परत व्हिडिओ मागे-पुढे करत तीच ओळ शोधायची. लिहिलेल्या विणीत त्या ओळीवर पट्टी ठेवली की झालं. टाक्यासाठी व्हिडिओ, मोजणीसाठी कागद. दोन्ही दे, बाळा.

आणि जाळीच्या विणींना तर शब्दही फार लागत नाहीत. तुझ्या आईने फुल्या मारल्यात तो कागदच वीण आहे. भरलेलं घर म्हणजे फुली, रिकामं घर म्हणजे खिडकी. फक्त वर नियम लिही: खिडकी म्हणजे खांब, 2 साखळ्या, खांब, भरलेल्या घरात त्या 2 साखळ्यांच्या जागी 2 खांब. शेजारच्या घरांचा मधला खांब सामाईक. म्हणून घरांच्या तिप्पट अधिक एक, इतके खांब. 20 घरांची पट्टी असेल तर 61 खांब. पहिली ओळ पूर्ण भरलेली असेल तर 63 साखळ्या घालून सुईपासून चौथ्या साखळीत पहिला खांब घालायचा. सुटलेल्या 3 साखळ्या हाच एक खांब. हंस, मोर, "सुस्वागतम्", सगळं याच हिशेबात बसतं. जपानी विणकामाच्या पुस्तकांत तर सगळं चिन्हांच्या आकृतीतच असतं, एक अक्षर न वाचता मी त्यातले गळे विणलेत.

पाऊसवेणा

मी लग्नानंतर चेन्नईत आले, तमिळ येत नव्हतं, आणि क्रोशामुळेच मैत्रिणी मिळाल्या. इथल्याच सुभश्री नटराजन यांनी सुरू केलेल्या मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स या गटाने जानेवारी 2016 मध्ये त्या वेळचं जगातलं सर्वांत मोठं क्रोशाचं ब्लँकेट केलं, 11,148.5 चौरस मीटरचं. गिनीजमध्ये नोंद झाली. बायकांनी घरोघरी चौकोन विणून पाठवले, ते जोडले आणि नंतर त्यांची पांघरुणं गरजूंना वाटली. ही सगळी जमवाजमव नेटवरून झाली होती. तेव्हा "वाचणार कोण" म्हणणाऱ्यांना हे जरूर सांग.

पैशांबद्दल मला मनापासून बोलायचंय. आंध्रातल्या नरसापूरला शेकडो गावांत बायका क्रोशाची लेस विणतात. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी ती शिकवली, माल परदेशी जायला लागला. समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी तिथे राहून अभ्यास केला, तो 1982 मध्ये प्रसिद्ध झाला. दिवसाचे कितीतरी तास विणणाऱ्या या बायकांना सगळे "घरी बसून फावल्या वेळात करतात" असंच म्हणायचे आणि त्याच आधारावर मजुरी तुटपुंजी ठेवायचे, नफा व्यापाऱ्यांकडे. 2024 मध्ये या लेसला भौगोलिक मानांकन मिळालं, मला आनंद झाला, पण "फावल्या वेळातलं काम" हे वाक्य अजून माझ्या सोसायटीतही ऐकते. म्हणून वस्तूची किंमत सांगताना दोऱ्याचा खर्च सांगून थांबू नकोस, तास धर.

वीण आणि वस्तू वेगळ्या ठेव. आईच्या वहीतल्या अननसाच्या वा शिंपल्याच्या विणी कुणा एकीच्या नाहीत, त्या खुशाल फुकट दे. त्यातून तू स्वतः नवीन काही मांडलंस, टाके बसवलेस, मापं काढलीस, तर त्या लिखाणाचे पैसे घ्यायला लाजू नकोस. रॅव्हलरी या विणकामाच्या वेबसाइटवर हेच चालतं, फुकट विणीही आहेत आणि विकतच्याही. उलट बाजूही पाळायची: दुसऱ्या बाईने विकायला ठेवलेला इंग्रजी पॅटर्न मराठीत करून फुकट वाटायचा नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात भाषांतराचा हक्क लिहिणाऱ्याचाच आहे, आणि कायदा नसता तरी ती तिची मेहनत आहे.

गोदाकाठ

काकू, सुईदोरा, पाऊसवेणा, काय बोलू! सगळं उतरवून घेतलं.

वही पुन्हा चाळली तर बऱ्याच पानांच्या कोपऱ्यात "सिन्नरच्या वहिनींकडून", "कुलकर्णी बाईंची" असं बारीक अक्षरात लिहिलेलं आहे. ते विणीबरोबर लिहावं का? नुसत्या "सिन्नरच्या वहिनी" म्हणून कुणाला काय कळणार, असं नवरा म्हणतो.

मिरजेची काकू

लिहायचंच. जसं आहे तसं, "आईला सिन्नरच्या वहिनींनी दिलेली". पूर्ण नाव-पत्ता टाकू नकोस, त्यांच्या घरच्यांना विचारल्याशिवाय ते बरं नाही. पण वीण कुठून कुठे आली हे गेलं तर परत मिळत नाही. माझ्याकडच्या सगळ्यात जुन्या लेसची वीण मिरजेत माझ्या सासूबाईंना एका नर्सबाईंनी दवाखान्यात बसल्या बसल्या दाखवली होती. तेवढंच ठाऊक आहे आणि तेवढं मी प्रत्येक वेळी लिहिते.

गोदाकाठ

मग हंसांच्या तोरणापासून सुरुवात करते. आलेख स्वच्छ काढून, दर ओळीचे टाके लिहून या रविवारपर्यंत इथेच टाकते. कुणी विणून तपासाल का? मला सगळं पाठ असल्याने माझ्या लक्षात न येणारी गाळलेली जागा तुम्हाला दिसेल.

सुईदोरा

मी विणते! लिहिलेल्यावरून विणायची मला सवय नाही, म्हणजे मला जमलं तर कुणालाही जमेल.

मिरजेची काकू

मीही. माझ्याकडे 40 नंबरचा पांढरा दोरा आहे, सुईदोराने 20 चा घ्यावा. म्हणजे दोन्ही दोऱ्यांत तोरण किती लांब भरतं ते एकदमच कळेल आणि दोन्ही मापं विणीच्या वर लिहिता येतील.