'सिक्स': सहा राण्यांच्या हाती माइक दिला, पण गायला काय लावलं?

मृण्मयी_क
काल एकाने लिहिलं होतं की 'सिक्स' हे संगीतनाटक बघितलं की इंग्लंडच्या ट्यूडर राजघराण्याचा इतिहास समजतो, जाडजूड पुस्तकं वाचायची गरजच नाही. रात्रभर ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहितेय.

मी लंडनला बघितलंय. ऐंशी मिनिटं, मध्यंतर नाही, वाजवणाऱ्याही सगळ्या बायका. गाणी फक्कड, त्याबद्दल वाद नाही. माझा राग रचनेवर आहे. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री, त्याच्या सहा बायका पैज लावतात: जिने सगळ्यात जास्त सोसलं, ती बँडची मुख्य गायिका. शेवटी त्या पैज मोडतात, हो. पण तोवर तासभर आपण टाळ्या कशाला वाजवतो? 1513 मध्ये हेन्री फ्रान्सला लढायला गेला तेव्हा त्याची पहिली बायको कॅथरीन ऑफ ॲरागॉन राज्य सांभाळत होती. त्याच काळात फ्लॉडनच्या लढाईत इंग्लंडविरुद्ध लढताना स्कॉटलंडचा राजा मारला गेला. ही बाई आपण फक्त 'नवऱ्याने टाकलेली' म्हणून लक्षात ठेवायची?

उंबरठा
अजिबात पटलं नाही. सहावी राणी कॅथरीन पार तिच्या गाण्यात नेमकं हेच म्हणते की मी पुस्तकं लिहिली, ते का नाही कुणी विचारत? 1545 मध्ये स्वतःच्या नावावर इंग्रजीत पुस्तक छापणारी इंग्लंडमधली ती पहिली बाई. आधी पैज लावून प्रेक्षकाला गुंतवायचं आणि मग त्यालाच ओशाळं करायचं, हाच तर डाव आहे. लिहिणारे टोबी मार्लो आणि ल्युसी मॉस केंब्रिजचे विद्यार्थी होते, 2017 ला एडिंबराच्या फ्रिंज या नाट्यमहोत्सवात पहिला प्रयोग. त्या वयात एवढी समज मला नव्हती.

माझी लेक चौदाची. पाचव्या राणीचं, कॅथरीन हॉवर्डचं गाणं सुरू झालं तेव्हा ताल धरून मांडीवर थाप मारत होती. प्रत्येक कडव्यात नवा पुरुष येतो, चाल तीच, शब्द मात्र काळे होत जातात. तिसऱ्या कडव्याला तिचा हात थांबला. बाहेर आल्यावर तिने एवढंच विचारलं, "ती केवढी होती गं?" 1542 मध्ये मान उडवली तेव्हा विशीचीही नसावी. कुठल्या जाड पुस्तकाने माझ्या मुलीकडून हा प्रश्न काढून घेतला असता?

दस्तऐवज
सगळ्यांनी मूळ चूकच गिळलीय. इंग्लंडच्या शाळेत सहा राण्यांचं यमक शिकवतात, 'घटस्फोट, शिरच्छेद, मृत्यू, घटस्फोट, शिरच्छेद, वाचली'. तिथून या नाटकात 'घटस्फोट' आला. घटस्फोट एकीचाही झाला नाही! पहिली कॅथरीन ऑफ ॲरागॉन, दुसरी ॲन बोलिन आणि चौथी ॲन ऑफ क्लीव्ह्ज, तिघींची लग्नं रद्दबातल ठरवली. म्हणजे लग्न झालंच नव्हतं. ॲन बोलिनचं तर मान उडवायच्या दोन दिवस आधी, 17 मे 1536 ला. व्यभिचारासाठी शिक्षा, आणि कायद्याने ती त्याची बायकोच नाही.

टिपरी
झालं, शब्दांचा कीस सुरू! गाण्यात 'विवाह रद्दबातल' बसवायचं का? नवऱ्याने हाकललं हे महत्त्वाचं. नाव काहीही द्या.

सावली_७
टिपरी, तुम्हाला यातलं काहीही माहीत नाही. मी सहसा लिहीत नाही, पण आता लिहिते.

माझं लग्न कोर्टाने रद्द ठरवलं. दोन वर्षं एका घरात राहिले होते. निकालानंतर एका फॉर्मवर वैवाहिक स्थिती लिहायची होती. मी 'घटस्फोटित' लिहिलं. खिडकीतल्या बाईंनी कागद परत सरकवला, म्हणाल्या, "तुम्ही अविवाहित. ते खोडा." ती दोन वर्षं कुठे गेली मग? घटस्फोटात निदान झालं होतं एवढं तरी मान्य करतात.

ॲरागॉन जवळजवळ चोवीस वर्षं राणी होती. 1533 मध्ये तिला सांगितलं की तू हेन्रीच्या मेलेल्या भावाची विधवा, यापुढे 'विधवा राजकन्या' म्हणवून घे. तिच्यासमोर कागद आणला. तिने लेखणी मागवली आणि जिथे जिथे ते शब्द होते तिथे तिथे स्वतःच्या हाताने खोडले. मला ते खोडलेले शब्द रंगमंचावर हवे होते. म्हणून 'नाव काहीही द्या' म्हणू नका.

टिपरी
माझा रोख तुमच्याकडे नव्हता. दस्तऐवज प्रत्येक धाग्यात असंच करतात म्हणून वैतागले. तरी 'काहीही' हा शब्द चुकला, मागे घेते.

दस्तऐवज
प्रत्येक धाग्यात हेच करीन, कारण त्या एका शब्दाने मुलींची आयुष्यं बदलली. लग्नच नाही म्हटल्यावर ॲरागॉनची मेरी आणि बोलिनची एलिझाबेथ दोघीही अनौरस. 1544 च्या कायद्याने गादीचा हक्क परत मिळाला, अनौरसाचा शिक्का तसाच.

उंबरठा
मग क्लीव्ह्जचं काय? सहा महिन्यांत तिचंही लग्न रद्द, पण तिने मुकाट्याने होकार दिला, रिचमंडचा वाडा घेतला, आणि 1557 पर्यंत जगली, बाकी पाचींच्या मागे. नाटकातलं तिचं गाणं सगळ्यात मोकळं, ते उगाच नाही. प्रत्येकीने खोडलंच पाहिजे असं नाही ना, सावली?

सावली_७
नाही. वाडा मिळत असता तर मीही सही केली असती का, याचा मी बरेचदा विचार केलाय. पण तिला मुलगी नव्हती. ॲरागॉनला होती.

मृण्मयी_क
मी रचनेबद्दल भांडायला आले होते आणि आपण कागदावरच्या खोडलेल्या शब्दांपाशी पोचलो. उंबरठा, पारच्या गाण्याबद्दल तुमचं बरोबर, ते मी हातचं राखून लिहिलं होतं. पैजेबद्दल मात्र माझं मत तेच आहे.

दस्तऐवज, तो कागद अजून आहे का कुठे?

दस्तऐवज
आहे, जपून ठेवलाय. लेखणी इतकी दाबलीय की काही ठिकाणी कागद फाटलाय.