निफाडचा ड्राय पोर्ट: द्राक्षे संपल्यावर तिथे कोणता माल उतरणार?

कादवाकाठ
निफाड साखर कारखान्याच्या जागेवर जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचा ड्राय पोर्ट, म्हणजे रेल्वेने जोडलेला कंटेनरतळ, प्रस्तावित आहे. मी स्वतः द्राक्ष बागायतदार असल्याने त्याचा फायदा मला समजतो. माझी तक्रार एवढीच की जागा, रोजगार आणि रेल्वेचा फाटा यांवर सगळे बोलतात, पण तिथे कोणता माल उतरणार हे कोणी विचारत नाही. द्राक्षांची निर्यात साधारणपणे जानेवारी ते एप्रिल चालते. उरलेले आठ महिने शंभर एकरांहून मोठा तळ रिकामा ठेवणे कोणालाही परवडणारे नाही, तेव्हा सिमेंट, कोळसा, क्लिंकर (ज्यापासून सिमेंट दळतात ते भाजलेले खडे) यांना दार उघडले जाईल, अशी मला भीती वाटते.

निफाडची थंडी सर्वांना ठाऊक आहे. राज्यातले नीचांकी तापमान अनेकदा इथेच नोंदवले जाते. अशा रात्री जमिनीलगतची हवा थंड व जड राहते आणि वरची तुलनेने उबदार असते, त्यामुळे धूळ आणि डिझेलचा धूर वर न जाता ऊन तापेपर्यंत बागेच्या उंचीवरच रेंगाळतो. नेमके त्याच दिवसांत मण्यांत पाणी उतरत असते, म्हणजे ते पिकू लागलेले असतात. घडावर बसलेली धूळ धुऊन काढता येत नाही, कारण धुताना मण्यांवरचा मेणासारखा पांढरट थर जातो आणि ओला घड सडू लागतो. कंटेनरबाहेरचा सुटा माल उतरवण्यास कायमची बंदी ही अट मंजुरीतच लिहिली गेली पाहिजे, असे माझे मत आहे.

मालधक्का_निवृत्त
आपली भीती मी समजू शकतो, मात्र तराजूचे दुसरे पारडेही पाहावे. कंटेनरच्या एका गाडीला 45 वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, असतात आणि एकेका वाघिणीवर 40 फुटी एक कंटेनर बसतो. म्हणजे एक गाडी सुटली की 45 ट्रेलर कसारा घाटातून कमी होतात. आपला मुख्य मार्ग विद्युतीकरण झालेला असल्याने घाट चढतानाचा डिझेलचा धूरही वाचतो.

राहिला सुट्या मालाचा प्रश्न. माझी निम्मी नोकरी एका मालधक्क्यावर गेली. तिथे सिमेंटच्या फाटक्या गोण्या उघड्यावर उतरत, ट्रक कच्च्या जमिनीवरून फिरत आणि संध्याकाळी हमालांच्या पापण्यासुद्धा पांढऱ्या झालेल्या असत. नव्या तळावर काँक्रीटची जमीन, बंद शेड आणि बाहेर पडणाऱ्या ट्रकची चाके धुण्याची सोय करता येते. जुन्या धक्क्यावर ती आता कोणी करणार नाही. नव्या तळाला विरोध केल्याने धूळ थांबत नाही, ती आहे तिथेच उडत राहते.

गोदापक्षी
विजेवरच्या इंजिनाचे कौतुक करताना त्या विजेतला मोठा वाटा कोळशाचा आहे आणि एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राची चिमणी याच जिल्ह्यात आहे, हेही लक्षात असावे. पण तो मुद्दा मी ताणत नाही.

मला काळजी पाण्याची आहे. निफाडचे पाणी कादवेतून जावो वा थेट गोदेतून, शेवटी ते नांदूर मध्यमेश्वरलाच पोहोचते. जानेवारी 2020 मध्ये राज्यातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून त्या जलाशयाची नोंद झाली. काँक्रीटने झाकलेल्या एवढ्या मोठ्या क्षेत्रावरून पहिल्या पावसात जे पाणी वाहील, त्यात तेल, ग्रीस आणि टायरची भुकटी असेल. ते गाळ बसवण्याच्या टाकीतून आणि तेल वेगळे करणाऱ्या कुंडीतून गेल्याखेरीज नाल्यात सोडू नये, आणि ही टाकी सरासरी पावसाच्या हिशेबाने न बांधता तासाभराच्या मुसळधार सरीच्या हिशेबाने बांधावी. दिव्यांचा झोत खाली जमिनीकडेच राहावा, एवढी साधी सूचनाही करते. स्थलांतरित पक्षी रात्री उडतात.

ओझर_बागायत
आपण सर्वजण अटींची यादी वाढवत बसलो, तर हा प्रकल्प दुसरा जिल्हा घेऊन जाईल. ऑगस्ट 2020 मध्ये देशातील पहिली किसान रेल्वे देवळालीहून दानापूरला सुटली, तेव्हा किती कौतुक झाले होते! पण बंदरापर्यंतचा आपला निर्यातीचा माल अजूनही रस्त्यानेच जातो. शिवाय आठ महिने तळ रिकामा राहील हे गृहीतच मला मान्य नाही. कांदा जवळजवळ वर्षभर बाहेर जातो. धूळ, पाणी आणि आवाज तपासण्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळ आहे, ते काम त्यांच्यावर सोडावे.

कादवाकाठ
दादा, मंडळावर सोडण्यात अडचण अशी आहे की 2006 च्या पर्यावरणीय मंजुरीच्या अधिसूचनेत रेल्वेमार्गांचा समावेशच नाही. गोदामांचे बांधकाम 20,000 चौरस मीटरच्या वर गेले तर मंजुरी लागते, पण बांधकामाच्या त्या गटाला जनसुनावणीतून सूट आहे. म्हणजे कोणता माल उतरणार हे विचारण्याची आणि आपल्या हरकती मांडण्याची हक्काची जागा कायद्याने आपोआप मिळेल, असे समजू नये. ग्रामसभेचा ठराव आताच हवा तो त्यासाठी.

आवाजाचेही तसेच आहे. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत 45 डेसिबलची मर्यादा आहे, आणि वाघिणी एकमेकींना जोडतानाचा दणका जवळच्या वस्तीपर्यंत त्याहून बराच मोठा पोहोचतो. रात्रीचे शंटिंग, म्हणजे डबे मागेपुढे हलवून जोडणे-सोडवणे, वस्तीच्या बाजूच्या रुळांवर करू नये, हे लेखी घेतले पाहिजे.

मालधक्का_निवृत्त
शंटिंगची अट योग्य आहे आणि ती पाळता येते. सुट्या मालाच्या बंदीत मात्र एक दुरुस्ती सुचवतो. खत रेल्वेने बहुतांशी गोण्यांतच येते. युरियाची गोणी 45 किलोची असते. सरसकट बंदी घातली तर तुमच्याच बागेचे खत लांबच्या धक्क्यावर उतरेल आणि तिथून ट्रकने येईल. त्यामुळे गोणीबंद माल बंद शेडमध्ये चालेल. कोळसा, क्लिंकर आणि सुटे सिमेंट अजिबात चालणार नाही, अशी विभागणी करावी.

कादवाकाठ
ही दुरुस्ती मला मान्य आहे. ठरावात आणखी दोन गोष्टी घालतो. माल थंड ठेवणारे कंटेनर तळावर थांबलेले असताना त्यांना विजेची जोडणी मिळावी, म्हणजे प्रत्येकाचे डिझेल जनित्र रात्रभर घरघरत राहणार नाही. दुसरे, काम सुरू होण्यापूर्वीच्या एका हिवाळ्यात हवेतील धुळीची मोजणी व्हावी. सूक्ष्म धूलिकणांची (पीएम 2.5) चोवीस तासांची मर्यादा 60 मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे. पण आधीचा आकडाच हाती नसेल, तर उद्या वाढलेली धूळ तळाची की रस्त्याची, यावर नुसते वाद होतील. आणि मोजणीचे यंत्र कार्यालयाच्या गच्चीवर न ठेवता कुंपणालगतच्या बागेत, घडांच्या उंचीवर ठेवावे. त्यासाठी माझ्या बागेतली जागा द्यायला मी तयार आहे.