मदत हवी आहे: केळीच्या धाग्याची ताणशक्ती, रीडिंग एकसारखी येत नाहीत

तापीकाठ: पीएचडी, मेकॅनिकल. एका धाग्याला २०० मेगापास्कल, त्याच जुडीतल्या शेजारच्याला ६००. गाईड सर म्हणतात पुन्हा कर. प्री-सबमिशन (प्रबंध देण्याआधीचं सादरीकरण) तोंडावर आलंय. काय करू? लवकर सांगा.

सूत_आणि_साचा: धागा केवढा लांब धरता? जाडी कशाने मोजता? हे सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार?

रावेरकर: खांब कोणत्या बागेचा? जी-नाईन जातीच्या केळीचा ना? घड उतरवल्यावर किती दिवसांनी धागा काढला? आमच्याकडे कापलेले खांब बांधावर पडून सडतात, तसल्यातला धागा हातानेही तुटतो.

तापीकाठ: जी-नाईन, ताजा खांब. जाडी स्क्रू गेजने, धाग्याच्या मधोमध.

सूत_आणि_साचा: मग दुखणं तिथेच आहे. धागा आतून पोकळ पेशींचा, गोलही नसतो, गेजमध्ये चेपतो. ०.२० मिमीचा धागा ०.१६ धरला गेला तर ताणशक्ती दीडपटीहून जास्त दिसते, धाग्यात काडीचा फरक नसताना. सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक धागा चार-पाच ठिकाणी मोजा. नाहीतर जाडी सोडाच, ठरावीक लांबीचं वजन करून टेक्स काढा, म्हणजे एक किलोमीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. आम्ही टेक्स्टाइलवाले तेच करतो.

कंपोझिटवाला: टेक्स घेऊन ते काय करतील? कंपोझिटच्या, म्हणजे धागा आणि राळ मिळून केलेल्या पदार्थाच्या, हिशेबाला मेगापास्कलच लागतात. ५ टक्के कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात भिजवा, पृष्ठभाग साफ होतो, माझं त्यानेच जमलं.

सूत_आणि_साचा: घनता माहीत असली की टेक्सवरून मेगापास्कल निघतात. आणि मोजणीच चुकत असेल तर कॉस्टिक काय करणार?

शोधार्थी_धुळे: प्लेजरिझम १० टक्क्यांच्या आत ठेवा हं, नाहीतर प्रबंध परत येतो.

कंपोझिटवाला: ते कोणी विचारलंय? आणि संदर्भसूची त्यात धरत नाहीत, २०१८ च्या यूजीसी नियमातच आहे.

रावेरकर: सोपटं, म्हणजे खांबाचे थर, बाहेरची की आतली? बाहेरचा धागा राठ, आतला मऊ. एकत्र केलेत तर फरक येणारच.

तापीकाठ: सगळी एकत्र. यंत्रातून एकदमच काढला. लांबी हाती आली तशी.

सूत_आणि_साचा: रावेरकर बरोबर बोलले. सोपटं वेगळी करा, लांबी एकच ठेवा. लांब धाग्यात कच्ची जागा सापडण्याची शक्यता जास्त, म्हणून तो लवकर तुटतो. धागे कागदी चौकटीवर चिकटवून लावा. पकडीच्या तोंडाशी तुटलेले सरासरीत घेऊ नका, पण किती वगळले ते प्रबंधात लिहा. चाचणीआधी ६५ टक्के आर्द्रतेत ठेवा. जळगावच्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात धाग्यातला ओलावा सारखा राहत नाही. एवढं करूनही थोडी तफावत उरेल, नैसर्गिक धागा आहे. ती वायबुल आलेखात दाखवा, म्हणजे किती ताणाला किती धागे तुटले ते दिसतं. सर नुसती सरासरी मागत असतील तर हा आलेख त्यांच्यासमोर ठेवा.

तापीकाठ: सूक्ष्मदर्शक बॉटनी विभागात आहे, उद्याच विचारतो. आर्द्रतेची पेटी मात्र आमच्याकडे नाही. जळगाव-भुसावळकडे कोणाकडे आहे का?

रावेरकर: पेटीचं माहीत नाही. खांब लागले तर बागेवर या, सोपटं वेगळी करून देतो.